अर्ध्या जठराची शर्यत

आमच्या त्या पेशंटला आपलं जवळजवळ अर्धं जठर काढून टाकलंय याचं विशेष दुःख नव्हतं. राउंडला गेलं की पोटाबद्दल तो एखादा प्रश्न विचारी, तोही माझं मन राखण्यासाठी, आणि लगेच रविवारकडे वळे. रविवारी खुर्चीत बसू देणार ना? दुपारी बारा ते चार कुणी रक्त काढायला येणार नाही ना? डे-रूममधल्या टीव्हीचं चित्र हलतं, ते कुणी ठीक करणार आहे की नाही?

हा रविवार म्हणजे 18 फेब्रुवारी 1979, फ्लोरिडातल्या डेटोना 500 या मोटार शर्यतीचा दिवस. मी तेव्हा बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात सर्जरीचा रेसिडेंट होतो. नागपूरच्या मेडिकलमधून निघून अमेरिकेत पोचलेला, आणि आमच्या पिढीतल्या बहुतेकांसारखा, मिळेल ती ड्यूटी मुकाट करणारा. सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी होती. म्हणजे शनिवारपासून सिनियर मंडळी गायब आणि वॉर्ड आमच्या गळ्यात.

पेशंट साठीकडे झुकलेला, स्पॅरोज पॉइंटच्या पोलाद कारखान्यात मेकॅनिक. मूळचा नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीचा. त्या डोंगराळ मुलखातली पुष्कळ माणसं कामाच्या शोधात बाल्टिमोरला आली आणि पोलादाच्या कारखान्यात चिकटली, त्यातलाच हा एक. आपला मुलूख कशासाठी प्रसिद्ध, असं विचारलं की तो न लाजता सांगे, हातभट्टीची दारू आणि ती भरून पोलिसांच्या पुढे पळणाऱ्या गाड्या. रात्री घाटातून दिवे बंद करून दारू पोचवणारी ही पोरं दिवसा एकमेकांशी पैजा लावत, आणि स्टॉक कार शर्यतींना सुरुवातीचे तयार ड्रायव्हर मिळाले ते यांच्यातूनच.

ज्युनिअर जॉन्सन हा त्याचा गाववाला आणि दैवत. हा ज्युनिअर 1956 साली बापाच्या भट्टीवर पकडला गेला, वर्षभराच्या आत सुटून आला, पुन्हा गाडीत बसला आणि 1960 साली डेटोनाची 500 मैलांची शर्यत जिंकला. पुढे ड्रायव्हिंग सोडून तो गाड्या बांधणारा मालक झाला. त्याची 11 नंबरची गाडी चालवत होता केल यारबरो, 1976, 1977 आणि 1978 असा सलग तीन वर्षांचा राष्ट्रीय विजेता. तेव्हा आमचे पेशंट कुणाच्या बाजूने, हा प्रश्नच नव्हता.

मला या प्रकरणातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. स्टॉक कार म्हणजे दिसायला शोरूममधल्या गाडीसारखी गाडी, आतून मात्र लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि घरच्या गाडीला कधी न झेपणारं इंजिन, हे त्यानेच मला ड्रेसिंग बदलताना शिकवलं. डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा, फेऱ्या 200. एकूण 500 मैल, म्हणजे आपलं जवळपास नागपूर ते मुंबई, तेही एकाच जागी गोल गोल. वळणांवर ट्रॅक 31 अंशांनी तिरपा बांधलेला, त्यावर माणसाला धड उभं राहता येत नाही, आणि गाड्या तिथून ताशी 300 किलोमीटरने जातात. असल्या लांब शर्यती टीव्हीवर तोवर तुकड्यातुकड्यांनी दाखवत. 500 मैलांची स्टॉक कार शर्यत पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत देशभर थेट दाखवायची, असं सीबीएस या टीव्ही कंपनीने या वर्षी प्रथमच ठरवलं होतं. त्याच आठवड्यात आपला अल्सर फुटावा, यामागे नक्कीच कुणाचा तरी हात आहे असं त्याचं म्हणणं होतं.

आठवडाभर आधी तो रक्ताची उलटी करत आला होता. ड्युओडेनमचा, म्हणजे जठराला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या भागाचा, अल्सर. सिमेटिडीनची गोळी नुकतीच बाजारात आली होती आणि अल्सरचं ऑपरेशन आता इतिहासजमा होणार अशी भाषा सुरू झाली होती, पण वाहत्या रक्तवाहिनीला गोळी देऊन भागत नाही. (अल्सरमागे बहुतेक वेळा एक जंतू असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल यांनी दाखवून द्यायला अजून काही वर्षं होती. त्यांना नोबेल मिळालं 2005 मध्ये. आम्ही तोवर माणसाच्या कटकटींना, कॉफीला आणि सिगरेटला दोष देऊन पोटं उघडत होतो.) आमच्या बॉसनी रात्रीतून ऑपरेशन केलं, मी समोर उभा. आम्ल वाढवणारी नस कापली, जठराचा खालचा भाग काढला, ड्युओडेनमचं तोंड शिवून बंद केलं आणि उरलेल्या जठराला पुढच्या आतड्याचा वळसा आणून जोडला.

या सगळ्यात रेसिडेंटची झोप उडवणारी जागा एकच, ते शिवून बंद केलेलं तोंड. अल्सरने आधीच सुजलेलं, कडक झालेलं, त्यात टाके धरतील की नाही याची खात्री नसलेलं. ते सुटलं तर पित्त आणि पाचकरस पोटात पसरतात, आणि मग माणूस वाचवणं अवघड. सुटायचं असेल तर ते पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात सुटतं. रविवारी आठवा दिवस होता.

शनिवारी संध्याकाळी टाके तपासताना त्याने मला विचारलं, "डॉक, रिचर्ड पेटी माहीत आहे का तुला?"

नाव ऐकून होतो. 43 नंबर, निळी-लाल गाडी, डोक्यावर काउबॉय हॅट. ही शर्यत पाच वेळा जिंकलेला माणूस, पण गेल्या 45 शर्यतींत एकही विजय नाही.

"त्याचंही पोट कापलंय. याच थंडीत. अल्सर. चाळीस टक्के जठर काढलं म्हणतात. डॉक्टर नको म्हणत होते, तरी उद्या गाडीत बसणार आहे."

मी हातातली चिमटी खाली ठेवली. मागचा हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात संपला होता. म्हणजे कसाही हिशेब केला तरी त्या माणसाच्या पोटाच्या टाक्यांना तीन महिने झालेले नव्हते. कापलेल्या पोटाचं आवरण भरून यायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी त्यात मूळच्या ताकदीच्या साधारण 80 टक्के ताकद येते, आणि पूर्ण शंभर कधीच येत नाही. आणि हा गृहस्थ त्यावर पट्टे आवळून साडेतीन तास 31 अंशांच्या वळणांवर गाडी दाबून धरणार! माझ्याकडे अपेंडिक्सचे पेशंट सहा आठवड्यांची सिक लीव्ह मागायचे.

"आणि तुमचं मत काय?" मी विचारलं.

"माझं मत? केल जिंकणार. पेटीला पोट सांभाळू दे."

खरं सांगतो, त्या क्षणी मी मनातल्या मनात पेटीच्या बाजूचा झालो. व्यावसायिक कुतूहल म्हणा हवं तर.

रविवारी सकाळी फ्लोरिडात पाऊस आणि आमच्याकडे हाडं गोठवणारी थंडी. दुपारी खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला होता. डे-रूममध्ये भिंतीशी एक जाडजूड टीव्ही, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. हर्नियाचा एक ट्रक ड्रायव्हर, पित्ताशय काढलेले एक निवृत्त पोस्टमन, दोन वॉर्डबॉय, आणि मधोमध सलाइनच्या स्टँडसह आमचे पेशंट. त्याच्या नाकातली नळी निघून दोन-तीन दिवस झाले होते. मऊ अंडं, सूप, टोस्ट सुरू होतं. गोड काही द्यायचं नाही, अशी पाटी मी स्वतः त्याच्या कॉटवर अडकवली होती.

मी काही त्यांच्यात बसून शर्यत पाहिली असं नाही. इमर्जन्सीत बर्फावर घसरलेल्यांची रांग लागली होती, त्यातून येता-जाता दारातून डोकावत होतो. त्यामुळे शर्यत मला तुकड्यांत दिसली. सुरुवातीच्या पंधराएक फेऱ्या तर ओला ट्रॅक वाळावा म्हणून सगळ्या गाड्या पिवळ्या झेंड्याखाली नुसत्या रांगेने फिरत होत्या. पोस्टमननी विचारलं, हेच बघायला जमलोय का आपण? त्यावर पेशंटने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढे तासभर तोंड उघडलं नाही.

नंतर परत आलो तेव्हा खोलीवर सुतकी कळा. बत्तिसाव्या फेरीला डॉनी ॲलिसन, त्याचा भाऊ बॉबी आणि केल, असे तिघे एकमेकांत अडकून मागच्या सरळ पट्ट्यावरून घसरत मधल्या मैदानात गेले होते. पावसाने तिथे नुसता राडा. गाड्या चिखलातून निघेपर्यंत डॉनी एक फेरी मागे पडला आणि केल दोन-तीन.

"संपलं का मग?" मी विचारलं.

"तू सर्जन आहेस ना? बीपी खाली आलं की पेशंट सोडून देतोस का?"

त्याने मला समजावलं ते असं. अपघात झाला की पिवळा झेंडा फडकतो, सगळ्यांना वेग कमी करावा लागतो. पण त्या काळच्या नियमाप्रमाणे झेंडा दिसल्यावरही गाड्या रेषेपर्यंत शर्यत करतच येत. त्यात मागे पडलेल्याने पहिल्या गाडीला मागे टाकून रेषा गाठली तर त्याची एक फेरी भरून निघायची. म्हणजे एकूण हिशेबात मागे असलेली गाडी वेगात मात्र सगळ्यांच्या पुढे हवी, आणि बरोबर वेळी कुणीतरी दुसरा आपटायला हवा. केलची गाडी तेवढी वेगवान होती. आणि आपटणाऱ्यांची त्या दिवशी ददात नव्हती.

दुसरा धडा हवेचा. ताशी 300 किलोमीटरला हवा ही भिंत होते. पुढची गाडी ती भिंत फोडते, तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीत शिरलेल्या मागच्या गाडीला तेवढ्याच वेगासाठी कमी जोर लागतो. शिल्लक राहिलेला जोर वापरून शेवटच्या क्षणी बाजूला निघायचं आणि पुढच्याला मागे टाकायचं. म्हणून डेटोनात शेवटच्या फेरीला पहिला असलेला ड्रायव्हर खुशीत नसतो, धास्तीत असतो. ही विद्या तिथे प्रथम जाणूनबुजून वापरली ती 1960 साली ज्युनिअर जॉन्सनने. त्याची गाडी इतरांपेक्षा हळू होती, तरी तो जिंकला. हे सांगताना पेशंटच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की जणू तो शोध विल्क्स काउंटीच्या ग्रामपंचायतीने लावला होता.

साडेतीनच्या आसपास मला इमर्जन्सीत पेज आला. डे-रूम, लगेच या.

तो खुर्चीत पुढे वाकून बसला होता. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब, एक हात पोटावर. नाडी 124. बीपी 100 ला 60, सकाळी 136 होतं. नर्स, कामात अतिशय पक्की बाई, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "डॉक्टर, आज आठवा दिवस." तिने पुढचं काही बोलायची गरज नव्हती.

"कॉटवर चला," मी म्हटलं.

"वीस फेऱ्या राहिल्यात."

"पोटात काय होतंय?"

"कळ येते. गरगरतंय. वीस फेऱ्या, डॉक. केल पहिल्याच्या मागे लागलाय."

पडद्यावर खरोखरच दोनच गाड्या उरल्या होत्या. बाकी सगळे अर्धी फेरी मागे. पुढे 1 नंबरचा डॉनी ॲलिसन, त्याच्या बंपरला चिकटून 11 नंबर. गेलेल्या सगळ्या फेऱ्या केलने भरून काढल्या होत्या.

भांडायला वेळ नव्हता. मी वॉर्डबॉयना ट्रॉली तिथेच आणायला लावली, त्याला आडवा केला, पाय वर घेतले, सलाइन जोरात सोडलं आणि तिथेच, टीव्हीसमोर, तपासायला लागलो. नर्सने फोन लावून बॉसना लाइनवर घेतलं. ते शहराबाहेर राहत. रस्त्यांची अवस्था बघता निघाले तरी कधी पोचतील याचा नेम नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "पोट काय म्हणतंय?"

हा प्रश्न साधा नाही. त्या दिवशी आमच्याकडे सीटी स्कॅन नव्हता. एक्स-रेत पोटात मोकळी हवा दिसली तर कुठेतरी फुटलंय असं आपण म्हणतो, पण ऑपरेशननंतर आठवडाभर अशी हवा तिथे मुळातच असू शकते, म्हणजे एक्स-रेचा उपयोग शून्य. रक्त काढलं, पण लॅबमध्ये रविवारचा एकटा टेक्निशियन. राहिले दोन हात आणि स्टेथोस्कोप. पाचकरस पोटात सांडला असेल तर पोट लाकडाच्या फळीसारखं ताठ होतं, आणि आतडी संप करतात. कान लावला तर आत शुकशुकाट.

हात ठेवला. टाक्यांजवळ दुखतंय, ते दुखणारच. बाकी पोट मऊ. दाबून झटकन हात काढला, तो कळवळला नाही. पण कळवळला नाही ते पोट ठीक म्हणून की त्याचे डोळे पडद्यावर आहेत म्हणून, हे कसं ठरवायचं? उरला आवाज. स्टेथोस्कोप पोटावर ठेवला तर मला ऐकू आली 40 इंजिनांची घरघर आणि केन स्क्वायरची कॉमेंटरी.

"टीव्हीचा आवाज बंद करा," मी म्हटलं.

खोलीत जो गलका झाला तो मी इथे लिहीत नाही. शेवटून दुसरी फेरी होती. ट्रक ड्रायव्हर तर टीव्हीच्या बटणासमोर उभाच राहिला. शेवटी नर्स उठली, त्याला एका हाताने बाजूला केलं आणि आवाज पार शून्यावर नेला. "डॉक्टर ऐकतायत," ती म्हणाली. खोली चिडीचूप.

म्हणून त्या शर्यतीची शेवटची फेरी मी पाहिली नाही. माझं डोकं खाली, कानात स्टेथोस्कोप, डोळे त्याच्या पोटावरच्या टाक्यांवर. आणि आत काय चाललं होतं म्हणता! गुडगुड, खळखळ, एकामागून एक. पहिल्या मिनिटभरात मला समजलं की हे आतडं संपावर नाही, उलट कुणी मागे लागल्यासारखं पळत सुटलंय. तेवढ्यात माझ्या हाताखालचं पोट एकदम फळीसारखं ताठ झालं. काळजात धस्स झालं. अर्ध्या सेकंदाने सगळी खोली ओरडली, पोट थरथरलं आणि पुन्हा मऊ पडलं.

मागच्या सरळ पट्ट्यावर केल आतल्या बाजूने निघाला होता. डॉनी त्याला अडवायला खाली सरकला. केलची डावी चाकं ओल्या गवतात गेली, गाड्या एकमेकींवर आदळल्या, पुन्हा आदळल्या, आणि तिसऱ्या वळणाच्या भिंतीला धडकून दोन्ही गाड्या उतारावरून घसरत मैदानातल्या चिखलात येऊन थांबल्या. मी मान वर केली तेव्हा पडद्यावर चिखलातल्या दोन मोडक्या गाड्या दिसत होत्या. शर्यत कोण जिंकतंय याकडे काही क्षण कॅमेऱ्याचंही लक्ष नव्हतं. मग तो घाईघाईने वळला आणि शेवटच्या वळणावर तीन गाड्या सापडल्या. पुढे 43 नंबर, त्याला खेटून डॅरेल वॉल्ट्रिप, मागे ए. जे. फॉइट. त्याच क्रमाने तिघे रेषेवरून गेले. अर्धी फेरी मागे असलेला, चाळीस टक्के जठर गमावलेला माणूस सहाव्यांदा डेटोना 500 जिंकला.

"आवाज वाढवू का?" वॉर्डबॉयने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, कारण कॅमेरा पुन्हा मैदानात गेला होता आणि तिथे मारामारी जुंपली होती. बॉबी ॲलिसन भावाची विचारपूस करायला थांबला होता. केलने त्याला खिडकीतूनच हेल्मेट हाणलं, आणि मग बॉबी बाहेर आला. देशभरातले विजेते ड्रायव्हर चिखलात एकमेकांचे गळे आणि पाय धरून उभे. आमच्या विदर्भातल्या शंकरपटात जोडी हरल्यावर व्हायचं ते हुबेहूब हेच, फक्त इथे बैलांच्या जागी ओल्ड्समोबाईल होत्या. त्या तिघांना नंतर प्रत्येकी 6,000 डॉलर दंड झाला. गंमत अशी की पुरेशा फेऱ्या आधीच पूर्ण झाल्यामुळे चिखलात बसूनही डॉनी चौथा आणि केल पाचवा आला.

माझा पेशंट मात्र छताकडे बघत पडला होता. नाडी 118.

मी पुन्हा विचार केला. घाम, धडधड, गरगर, कळ, पण पोट मऊ आणि आतडं भरधाव. ताप 99, म्हणजे नाहीच. मी त्याला विचारलं, "दुपारपासून काय काय खाल्लंत?"

"तू दिलंस तेवढंच. एक अंडं. अर्धा टोस्ट."

"आणि प्यायलात काय?"

हा प्रश्न त्याला नको होता. त्याने पोस्टमनकडे पाहिलं, पोस्टमननी ट्रक ड्रायव्हरकडे, आणि ट्रक ड्रायव्हरने बर्फाकडे. नर्सने काही न बोलता ब्लँकेटखाली हात घातला आणि कोल्ड्रिंकचे दोन रिकामे डबे काढले. केलने शेवटची राहिलेली फेरी भरून काढली तेव्हा कॉरिडॉरमधल्या मशीनमधून साजरं करायला आणले होते. पहिला डबा उत्साहात आणि दुसरा पाठोपाठ.

याला डम्पिंग म्हणतात. जठराचं खालचं दार आपण काढून टाकलेलं असतं. त्यामुळे घट्ट साखरेचं पाणी जठरात न रेंगाळता थेट आतड्यात ओतलं जातं. ती साखर सौम्य करायला आतडं आसपासच्या रक्तातलं पाणी ओढून घेतं. फुगतं, कळा येतात, वेगाने हलायला लागतं. तिकडे रक्ताचं प्रमाण कमी झाल्यामुळे नाडी पळते, बीपी उतरतं, घाम सुटतो, आडवं व्हावंसं वाटतं. प्यायल्यापासून दहा-वीस मिनिटांत नाटक सुरू, तासाभरात पडदा. औषध काही नाही. आडवं पडायचं आणि पुन्हा तसं करायचं नाही.

बॉसना फोनवर सांगितलं. ते हसले नाहीत. "असेल. पण दर अर्ध्या तासाने पोट बघ, आणि ओटी मोडू नको रात्रीपर्यंत," म्हणाले. ते बरोबरच होतं. डम्पिंग झालेल्या माणसाचे टाके सुटत नाहीत असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? साडेचारला नाडी 96. पाचला 88, बीपी 130. लॅबचा निरोप आला, पांढऱ्या पेशी आणि हिमोग्लोबिन दोन्ही जागच्या जागी. रात्री दहापर्यंत मी पोटावर हात ठेवत राहिलो, मग ओटीतल्या मंडळींना झोपायला सोडलं.

त्या रात्री बर्फाने खरा जोर धरला. सोमवारी सकाळपर्यंत बाल्टिमोरमध्ये 20 इंच. गाड्या पांढऱ्या ढिगाऱ्यांखाली गेल्या, काही भागांत दुकानं फुटली, महापौरांना संचारबंदी लावावी लागली. माझ्या जागी येणारा रेसिडेंट अर्थातच आला नाही. स्वयंपाकघरात भाजी-पावाची गाडी पोचली नाही, त्यामुळे वॉर्डला अंडी, चीज आणि कोरडे टोस्ट यावर काढावं लागलं. गोडाचा पत्ता नाही. डम्पिंगच्या पेशंटला नेमकं हेच द्यायचं असतं, थोडं थोडं, कोरडं, प्रथिनांचं. आहारतज्ज्ञ सांगून थकल्या होत्या ते पथ्य बर्फाने पाळून घेतलं.

याच बर्फामुळे रविवारी देशाच्या पूर्वेकडचे कितीतरी लोक घरात अडकून टीव्हीसमोर बसले होते, आणि ज्यांनी आयुष्यात ही शर्यत बघितली नसती त्यांनीही ती मारामारीसकट पाहिली. दक्षिणेतल्या गावठी लोकांचा खेळ म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या हॉस्पिटलात मंगळवारी कॅफेटेरियात दुसरा विषय नव्हता. माझे एक सिनियर, गोल्फशिवाय काही न बघणारे, केलची चूक की डॉनीची यावर हातवारे करून वाद घालत होते. माझ्या पेशंटच्या मते चूक डॉनीची, आणि हा मुद्दा चर्चेला खुला नव्हता.

पेटीच्या विजयावर मात्र तो दोन दिवस काही बोलला नाही. मग एका राउंडला मला थांबवून म्हणाला, "मी कारखान्यात कधी जायचं म्हणालास?"

"तीन महिन्यांनी. जड उचलायचं नाही."

"पेटी तीन महिन्यांच्या आत 500 मैल चालवून जिंकला."

यावर मी काय बोलणार? बोललो तरी काय. तो तरुण आहे, त्याचं ऑपरेशन ठरवून झालेलं असेल, तुमचं रक्तस्रावात झालं, त्याच्याकडे बारा माणसं चाकं बदलायला असतात, वगैरे. त्याला काही पटलं नाही, आणि खरं तर मलाही माझं बोलणं फार भक्कम वाटत नव्हतं. (त्याच वर्षअखेर पेटी वॉल्ट्रिपपेक्षा फक्त 11 गुण जास्त मिळवून सातव्यांदा राष्ट्रीय विजेता झाला. पोटाची तक्रार त्याच्या आड आली नाही एवढं नक्की.)

डिस्चार्जच्या दिवशी कागद तयार केले. पथ्याची यादी, गोळ्या, पुढची तारीख. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि परत माझ्याकडे सरकवलं.

"यात टक्के नाहीत."

"कसले टक्के?"

"जठर किती काढलं त्याचे. पेटीचं चाळीस. कारखान्यात सगळे विचारणार."

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये तुकड्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये होती, टक्के कुणीच मोजत नाही. तसं मी सांगितलं. तो हलेना. शेवटी बॉस शेजारच्या कॉटवरून आले, काय प्रकार आहे म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी पेशंटकडे पाहिलं, मग माझ्या हातातला कागद घेतला आणि स्वतःच्या पेनने लिहिलं, 'अंदाजे 50 टक्के,' खाली सही केली, आणि पुढच्या पेशंटकडे वळले.